जंगलासाठी हातातला जीपीएस कोणता घ्यावा? कारमध्येही चालला पाहिजे

धरमपेठकर: पेंच, मेळघाटाकडे नेहमी जाणं असतं. सेमाडोहकडे रेंज गेली की मोबाईलचा नकाशा अर्धवट उघडून बसतो. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स घ्यावा की ३२एक्स? सोबत आणखी काय लागेल?

सर्व्हेवाला: ३२एक्समध्ये खरा कंपास आणि हवेच्या दाबावर उंची सांगणारा अल्टिमीटर जास्तीचा आहे. २२एक्स तुम्ही चालत असाल तरच दिशा नीट दाखवतो, उभे राहिलात की संपलं. सागवानात थांबून पायवाट ठरवायची असेल तर वरचे पैसे वसूल. कारसाठी मात्र नाद सोडा भाऊ! पडदा २.२ इंचाचा, आणि तो बोलून रस्ता सांगत नाही, नुसता टीं टीं करतो. वर्धा रोडवर त्यात डोकावत बसाल तर पुढचा ट्रक दिसणार नाही. कारमध्ये मोबाईलच बरा. रेंज नसली तरी त्याचा जीपीएस चालतो, फक्त नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या.

रामटेकची ताई: एए साइजचे रिचार्जेबल सेल घ्या, दोन लागतात, दोन जवळ ठेवा. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार एनआयएमएच, म्हणजे या रिचार्जेबल सेलचा, करा, नाहीतर चार्ज चुकीचा दिसतो. मायक्रोएसडी कार्डावर ओपनस्ट्रीटमॅपचे फुकट नकाशे टाकता येतात. आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर काही म्हणजे काही ठेवू नका बाप्पा.

सर्व्हेवाला: हो, आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं इनरीच कोणी बाहेरून आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. आपल्याकडे परवान्याशिवाय ते वापरता येत नाही.

धरमपेठकर: मग ३२एक्सच. सीताबर्डीत कोणाकडे हातात घेऊन पाहायला मिळेल का?