हिरोशिमाच्या म्युझियममध्ये नऊ वर्षांच्या मुलीला न्यावं का?

कर्वेनगरची_मी

मे महिन्यात जपानला जातोय. आम्ही दोघं, मुलगी (चौथी झाली) आणि सासूबाई (७१). तोक्यो, क्योतो, ओसाका पक्कं आहे. ओसाकाहून एक दिवस हिरोशिमा करावं असं माझं म्हणणं, तर "सुट्टीत पैसे देऊन रडायला कशाला जायचं" असं नवऱ्याचं. मुलगी हळवी आहे, पिक्चरमध्ये कुत्रं हरवलं तरी रात्री झोपत नाही. तिथे नेमकं काय बघायला लागतं? आणि त्याच दिवशी मियाजिमा बेट होईल का?

जुना_नागोयाकर

मी २०११ साली मुलाला नेलं होतं. तेव्हा जळक्या कातडीचे माणसांचे पुतळे उभे होते. पोरगं पुढे महिनाभर दिवा लावून झोपायचं. ते पुतळे २०१७ मध्ये काढले म्हणतात. तरी नऊ म्हणजे लहानच.

ओसाकेची_सून

पुतळे गेले हे खरं. पण आता जे आहे ते मला जास्त जड गेलं, कारण आता भर माणसांच्या खऱ्या वस्तूंवर आहे.

आम्ही इथे सहा वर्षं राहतोय. गेल्या नोव्हेंबरात लेकाला घेऊन गेले, तो तेव्हा साडेनऊचा. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने दीड तास, मग स्टेशनवरूनच ट्राम. तिकीट मोठ्यांना २०० येन, मुलांना फुकट. नवऱ्यांना सांगा, रडायला फार पैसे पडत नाहीत.

सुरुवातीला शहराची गोल प्रतिकृती आहे. त्यावर वरून बॉम्ब पडताना दाखवतात आणि क्षणात सगळं सपाट होतं. लेकाला तो व्हिडिओ गेमच वाटला, दोनदा बघितलं. मुख्य इमारतीत शिरलो आणि बडबड आपोआप थांबली. आत अंधार, गर्दी असूनही कुणी बोलत नाही. बँकेची दगडी पायरी आहे, त्यावर सकाळी बसलेल्या माणसाची काळी सावली उरलीय. तीन वर्षांच्या शिनची तीनचाकी आहे. वडिलांनी ती त्याच्याबरोबर अंगणात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये उकरून काढून म्युझियमला दिली. इथून मी लेकाला पुढे ओढत होते. तो थांबला डब्यापाशी.

साधा धातूचा डबा, चेपलेला, आत कोळसा. शिगेरू ओरिमेन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाचा. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामावर शाळेची मुलं नेली होती, त्यातला हा एक. वडील आणि भाऊ सैन्यात, म्हणून जमीन यानेच कसली होती. त्या पहिल्या पिकाचं जेवण डब्यात होतं, म्हणून सकाळी खूश होऊन निघाला. तीन दिवसांनी आईला तो सापडला, डबा पोटाशी धरलेला. आईने डब्यावरूनच ओळखला.

मी रोज सकाळी साडेसहाला डबा भरते. लेक निम्मा परत आणतो, त्यावरून आमची रोज वादावादी. त्याने मला एवढंच विचारलं, "त्याने उघडलाच नव्हता?" म्हटलं, बॉम्ब सव्वाआठला पडला, मधली सुट्टी व्हायची होती. मग तो गप्प. रडला नाही. मीच रडले, ते बाहेरच्या लांबट गॅलरीत आल्यावर. तिथे मोठ्या काचा आहेत, बाकडी आहेत, समोर थेट बागेपलीकडचा, बॉम्बने मोडलेला घुमट दिसतो. तिथे बसाच, घाई करू नका. १९४५ संपेपर्यंत साधारण १ लाख ४० हजार माणसं गेली, हा आकडा मी शाळेत पाठ केला होता. त्या दिवशी मला तेवढा एक डबाच कळला.

खाली बागेत स्मारकावर कोरलंय, "शांत झोपा, चूक पुन्हा करणार नाही." जपानी वाक्यात कर्ताच नाही, आपल्या मराठीसारखा तो गाळता येतो. कुणाची चूक, यावर तिथे वाद झालेत. लेकाने हेच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या लेकीबद्दल: फोटोंच्या भागातून तिला भरभर न्या, भाजलेल्या माणसांचे फोटो अजून आहेत. सादाको नावाची मुलगी बॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे पुढे ल्युकेमियाने गेली, आजारपणात ती कागदी क्रौंच पक्षी घडवायची; ती गोष्ट आधीच सांगून ठेवा. म्हणजे त्या इवल्याशा घड्या दिसल्या की ओळखीच्या वाटतील. इकडच्या बऱ्याच शाळा सहावीची सहल हिरोशिमाला नेतात, म्हणजे नऊ थोडं लवकरच. पण तुमच्या मुलीला तुम्ही ओळखता.

मियाजिमा त्याच दिवशी होतं, आम्ही केलं आणि चुकलं. तासाभरापूर्वी तो डबा पाहिलेला आणि इथे हरणाबरोबर सेल्फी. रात्री मुक्काम करा, बेट दुसऱ्या दिवशी. जेवायला ओकोनोमियाकी (कोबी घातलेलं जाड धिरडं) खाल तर शाकाहारी असल्यास आधीच सांगा, त्यात डुकराचं मांस आणि वरून माशाचा कीस असतो. ५-६ मेपर्यंत गोल्डन वीक, म्हणजे जपानच्या लागोपाठ सुट्ट्या, ते दिवस टाळा.

कर्वेनगरची_मी

ताई, हे मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा काही बोलला नाही, पण संध्याकाळी हॉटेलं बघत बसला होता. सासूबाई म्हणाल्या, देऊळ राहिलं तरी चालेल, पण मला तिथे जायचंय. त्यांचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर मिळते का?

ओसाकेची_सून

म्युझियममध्ये फुकट मिळते. ट्राम मात्र नवी, बुटकी पकडा, जुन्यांना पायऱ्या आहेत. पण सकाळच्या गर्दीत ६५१ किंवा ६५२ नंबरची आली तर सोडू नका. बॉम्ब पडला त्या दिवशी त्या शहरातच होत्या, दुरुस्त करून अजून चालवतात. सासूबाईंना म्हणावं, तेवढ्या दोन पायऱ्या चढा.