४०० जणांचा सर्व्हे आणि ३७७ मतं

नेरूळ_पश्चिम:
नवी मुंबई महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीवरून परवापासून आमच्या प्रभागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "४०० मतदारांचा सर्व्हे झाला, आपलं पॅनेल ६ टक्क्यांनी पुढे आहे. निकाल लागल्यातच जमा. आता डळमळीत असलेल्या दोन-तीन बिल्डिंगा सांभाळा, बाकी ठिकाणी वेळ घालवू नका." पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण तसाच मेसेज समोरच्या बाजूनेही आलाय, फक्त पुढे कोण ते उलटं. मी गप्प बसलो होतो. आज सकाळी लिफ्टमध्ये शेजारचे म्हणाले, "ठरलेलंच आहे तर मग संक्रांतीला जोडून गावाला जाऊन येतो." तेव्हा राहवलं नाही.

अहो, आपण बेलापूर विधानसभा मतदारसंघात राहतो. नोव्हेंबर २०२४ आठवतोय ना? मंदा म्हात्रे ९१,८५२, संदीप नाईक ९१,४७५. फरक ३७७. दोघांच्या मतांची बेरीज केली तर पाव टक्कासुद्धा नाही. २०१४ ला गणेश नाईक इथेच दीड हजाराच्या आतल्या फरकाने पडले. आणि मधल्या २०१९ ला हीच जागा चाळीस हजारांच्या वर एकतर्फी गेली होती. जी जागा अशी हेलकावे खाते, तिच्याबद्दल ४०० जणांना विचारून छातीठोकपणे कोण बोलतो?

४०० जणांचा सर्व्हे अगदी नेटका केला तरी वर-खाली ५ टक्के चूक धरावी लागते. दोन बाजूंमधल्या अंतराची चूक तर त्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण एकाकडचं मत निघालं की ते बहुतेक दुसऱ्याकडेच जातं. म्हणजे ६ टक्क्यांच्या आघाडीला काही अर्थ नाही. त्यातून हा सर्व्हे कसा केला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी सातला बागेच्या गेटवर दोन पोरं उभी, चालायला येणाऱ्या निवृत्त लोकांना विचारत होती. त्या वेळी हार्बरच्या गाडीला लटकलेला माणूस, धुणंभांड्याला निघालेली बाई, मार्केटमधून रात्रपाळी करून आलेला माथाडी, यांना कुणी विचारलं?

२०२४ ला मी एका केंद्रावर पोलिंग एजंट होतो. पाच वाजायला आले होते. आमच्याच सेक्टरातलं एक म्हातारं जोडपं आलं. चिठ्ठी मिळालेली नव्हती आणि यादीत नाव सापडेना. शोधल्यावर कळलं की नाव रुळांपलीकडच्या शाळेत गेलंय. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "जाऊ दे रे बाळा," म्हणाले आणि घरी गेले. कोणाला देणार होते मला माहीत नाही. निकालाच्या रात्री ३७७ आकडा ऐकला आणि मला तेच दोघं दिसत राहिले. तुमच्या सर्व्हेत ते "नक्की मतदान करणार" या रकान्यात बसले असते.

सीवूड्स_सर्व्हे:
भावना पोचल्या, पण राग चुकीच्या माणसावर काढताय. मी २०२४ ला एका एजन्सीसाठी ठाणे जिल्ह्यात सहा आठवडे दारोदार फिरलोय. पक्ष सर्व्हे करतात ते कोण जिंकणार हे कळायला नाही, माणसं कुठे पाठवायची हे ठरवायला. उमेदवाराकडे पैसा आणि कार्यकर्ते मोजके असतात. जी बिल्डिंग पक्की आपली, तिथे पाच वेळा जाऊन काय उपयोग? जी पक्की त्यांची, तिथेही नाही. उरलेल्या कुंपणावरच्यांकडे जायचं. यात गैर काय?

आणि बागेबद्दल. सोसायट्यांमध्ये आम्हाला आत घेतच नाहीत! वॉचमन फोन लावतो, सेक्रेटरी "नको" म्हणतात, झालं. मग बागेतच उभं राहावं लागतं. गेट बंद करायचं आणि वर सर्व्हे एकतर्फी म्हणून ओरडायचं, हे चालणार नाही. ग्रुपवरचे ४०० वाले मेसेज मात्र निव्वळ प्रचार असतात, एवढं मान्य. आम्ही त्याला सर्व्हे म्हणतसुद्धा नाही.

वाशी_सेक्रेटरी:
गेटचा विषय निघालाच आहे तर बोलतो. होय, आम्ही गेट बंद ठेवतो. सात वर्षं सेक्रेटरी आहे. एप्रिल २०१५ नंतर पालिकेची निवडणूकच झाली नाही. २०२० ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. साडेपाच वर्षं नगरसेवक नाही. ड्रेनेज तुंबलं तर वॉर्ड ऑफिसात मी जायचो, झाड पडलं तर मी, रस्त्यावरचे दिवे गेले तर मी. तेव्हा एक माणूस फिरकला नाही. आता रोज चार पदयात्रा, ढोल, गुलाल. जिन्यातल्या नव्या रंगावर स्टिकर चिकटवून जातात. परवा हळदीकुंकवाचं निमित्त सांगून पंधरा बायका आत आल्या, वाणाच्या पिशवीत पत्रक! आमच्या बिल्डिंगमधल्या दोन मुली बारावीला आहेत, त्यांनी अभ्यास करायचा कधी?

म्हणून कमिटीने ठराव केला. सर्व उमेदवारांना एकच पत्र: आवाराचं पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, वर्षानुवर्षं रखडलेली पार्किंगची लाइन. जो लेखी देईल त्याच्यामागे सोसायटी उभी राहील. १२० घरं आहेत. एकगठ्ठा मत असेल तरच विचारतात, सुटं मत कुणी विचारत नाही.

गावठाणची_सून:
दादा, हे लेखी घेणं म्हणजे काय ते स्पष्ट बोला. खासगी आवारात पेव्हर ब्लॉक आणि कॅमेरे कुणाच्या पैशातून बसणार? आणि १२० घरांचं मत तुम्ही कोण ठरवणार? घरातल्या बायकांना विचारलंत का?

मीच अशा पंधरा बायकांमध्ये असते. तुमच्याच सोसायटीत आले होते की नाही माहीत नाही, पण तुमच्यासारख्या गेटवर आम्हाला उन्हात अर्धा तास उभं केलंय. वॉचमन म्हणाला, "गाववाल्यांना आत सोडायचं नाही, वरून सांगितलंय." गाववाले! तुमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची होती? नवी मुंबई वसवायला ९५ गावांची जमीन सिडकोने घेतली. १६ जानेवारीला निकाल आहे ना? १९८४ साली त्याच १६ आणि १७ जानेवारीला उरणकडे गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. माझे सासरे तेव्हा आमचे नेते दि. बा. पाटील यांच्याबरोबर मोर्चात होते. आमच्या मुलांनी गरजेपोटी वर एक मजला चढवला की नोटीस येते. तुम्हाला पार्किंगची लाइन आखून पाहिजे, आम्हाला राहतं घर राहील का ते माहीत नाही. आमचा प्रश्न कुठल्या सर्व्हेत असतो ते दाखवा.

वाशी_सेक्रेटरी:
ताई, वॉचमन तसं बोलला असेल तर ते चूकच. पण मी ती जमीन हिसकावून घेतलेली नाही. वडिलांनी मिलमधून मिळालेल्या पैशातून सिडकोचं एक खोलीचं घर घेतलं, हप्ते फेडले. प्रत्येक वादात आम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? आणि एकगठ्ठ्याचं म्हणाल, तर गावात काय होतं? बैठकीत ठरतं ना, या वेळी कुणाला? मग आम्ही ठरवलं तर पाप?

गावठाणची_सून:
ठरतं. पूर्वी ठरायचंच. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चिन्ह सांगितलं आणि मी तेच बटण दाबलं. आता नाही दाबत. माझ्या जावेनेही मागच्या वेळी नाही दाबलं, आणि त्यावरून घरात आठ दिवस कुणी बोलत नव्हतं. म्हणूनच सांगते, १२० घरं तुमच्या खिशात आहेत असं समजू नका. उमेदवारालाही ते माहीत असतं. तो तुम्हाला लेखी देईल, १७ तारखेनंतर फोन उचलणार नाही.

माथाडी_कोपरखैरणे:
तुम्ही दोघं गेटवरून भांडा. आमच्याकडे गेटच नाही, सगळे थेट दारात येतात, तरी यादीतलं कुणी सोडवत नाही. माझे वडील ३१ वर्षं मार्केटमध्ये ओझी उचलतायत. या वेळी यादीत त्यांच्या नावापुढे दोन तारे आलेत. म्हणजे दुबार. का, तर त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ दोन सेक्टर सोडून राहतात. सातारा-सांगलीकडच्या माणसांची वस्ती, एकाच नावाची दहा माणसं निघतील. आता वडिलांनी केंद्रावर जाऊन हमीपत्र भरायचं की मी एकदाच मत देणार. त्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. "मी चोर आहे का रे?" असं मला विचारतात.

आणि टीव्हीवर, मोर्च्यात, ग्रुपवर, दुबार म्हटलं की आमच्यासारख्यांकडेच बोट. "गावाला पण मत, इथे पण मत." काहीजण करतात, मी नाकारत नाही. आमच्या वडिलांनी गावचं नाव २००९ ला स्वतः कापून घेतलं. त्याचं कौतुक कुणाला? बहीण ऑगस्टमध्ये अठराची झाली, तिला मतच नाही, कारण यादी १ जुलै २०२५ ची. तिचं नसलेलं मत आणि बाबांचे दोन तारे, हे सर्व्हेवाले कुठे मोजतात?

सीवूड्स_सर्व्हे:
मोजत नाहीत. हे मला मान्य करावं लागतंय. आम्ही विचारतो, "मतदान करणार का?" लोक हो म्हणतात. "यादीत नाव पाहिलंत का?" हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हता.

पण मग मूळ लेखकांना विचारतो. सर्व्हे नको तर काय? मनाला वाटतं म्हणून बोलायचं? २०२४ ला जून महिन्यात लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या म्हणून लोकांनी विधानसभेचं मंत्रिमंडळ तयार करून ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये महायुती २३०. मी पाहिलेला एकही एक्झिट पोल तिथवर पोचला नव्हता हे खरं, पण दिशा तरी बहुतेकांनी बरोबर सांगितली. चहाच्या टपरीवर तर दिशाही उलटी होती.

नेरूळ_पश्चिम:
राज्याची दिशा सांगता येते, हे घ्या, दिलं. २८८ जागांत इकडची चूक तिकडे भरून निघते. पण आमच्या प्रभागात ती भरून निघायला दुसरा प्रभाग नाही! माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

शिवाय या वेळी तर सगळंच नवीन आहे. २०१५ ला १११ प्रभाग होते, एकात एक नगरसेवक. आता २८ प्रभाग, २७ मध्ये चार-चार आणि एकात तीन जागा. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिंदेंची सेना ठाण्यात युतीत आणि इथे समोरासमोर. कुठला मतदार कुणाकडे सरकला हे मोजायला मागचा आकडाच नाही. काल मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, चार बटणं दाबायची हे माहीत आहे का? त्यांना वाटत होतं की पॅनेलचं एकच बटण असतं. मी वहीत चार जागांच्या चार मतपत्रिकांचे चौकोन काढून दाखवले. अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क पिवळसर, ड निळसर. प्रत्येकात एकदा दाबायचं, नको असेल तर नोटा, पण चारही पूर्ण करायचे. आणि विधानसभेसारखी काचेमागची चिठ्ठी या वेळी दिसणार नाही, तेव्हा घाई करू नका. हे शिकवायला एकाही पॅनेलचा माणूस त्यांच्या दारात आला नाही, कारण आमची बिल्डिंग "पक्की" आहे! सीवूड्सवाले, "पक्की आपली, तिथे पाच वेळा जाऊन काय उपयोग" असं तुम्ही लिहिलंत. पाच नको, एकदा तरी?

सीवूड्स_सर्व्हे:
एकदा जायला हवं. बरं, मान्य. मीही दारावर विचारायचो तेव्हा बहुतेकांना चारातलं एखादंच नाव सांगता यायचं, बाकी "ते त्यांच्याबरोबरचे". आमच्या तक्त्यात तो सरळ "पॅनेलला मत" धरला जायचा. प्रत्यक्षात असा माणूस अ ला एकाला, ब ला शेजारणीच्या भाचीला आणि क-ड ला मनाला येईल तिथे देऊ शकतो. तरी मेसेज फिरवणाऱ्यांशी आम्हाला जोडू नका, हे पुन्हा सांगतो.

गावठाणची_सून:
माथाडी दादा, तुमच्या वडिलांना घेऊन आधीच यादीचं काम बघणाऱ्यांकडे जाऊन या. शेवटच्या दिवशी केंद्रावर गर्दीत सही करायला लावू नका, मग ते तसेच परत येतील. आमच्या गावात असे अकरा जण निघाले. मी त्यांचे कागद एका पिशवीत ठेवलेत.

माथाडी_कोपरखैरणे:
उद्या सकाळी जातो. त्यांची पाळी सुटल्यावर.

वाशी_सेक्रेटरी:
ताईंनी पैशांचा प्रश्न विचारला तो मला रात्रभर टोचत होता. पत्र मागे घेणार नाही, कमिटीचा ठराव आहे. पण "सोसायटी मागे उभी राहील" ही ओळ मी स्वतः खोडतो, कारण बायकोने वाचून विचारलं, "माझ्या मताची सही तू केलीस?" तिला उत्तर देता आलं नाही.

रविवारी ११ तारखेला सकाळी अकरा ते एक गेट उघडं राहील. सगळ्या पक्षांना, अपक्षांनाही. एका वेळी चार माणसं, ढोल नाही, भिंतीला काही चिकटवायचं नाही. खाली टेबलावर यादी ठेवतो, ज्याला आपलं नाव आणि केंद्र बघायचंय त्याने बघावं. सर्व्हेवाल्यांनी यायचं असेल तर या, पण बारावीच्या मुलींच्या मजल्यावर बेल वाजवू नका.

गावठाणची_सून:
आम्ही चौघी येऊ. वॉचमनला आधी सांगून ठेवा.