'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणजे वलंदाज का?

प्रश्न: अमेरिकेतल्या जुन्या शेतकोठारांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'पेनसिल्व्हेनिया डच' सारखं येतं. डच म्हणजे वलंदाज, म्हणून मी 'पेनसिल्व्हेनियातले वलंदाज' लिहून मोकळी झाले. पण पुढे लेखक त्याच लोकांना जर्मन म्हणतो. माझं चुकलं कुठे?

उत्तर: ताई, 'वलंदाज' काढून टाका. हे लोक जर्मन वंशाचेच. अठराव्या शतकात ऱ्हाईन नदीकाठच्या फाल्ट्स प्रांतातून आणि आसपासच्या मुलखातून हजारो कुटुंबं पेनसिल्व्हेनियात आली, काही स्वित्झर्लंडमधूनही. युद्धं, गरिबी आणि धर्मावरून होणारा छळ यांना कंटाळून निघालेली माणसं ती.

घोळ 'डच' या शब्दात आहे. आपला 'वलंदाज' हॉलंडवरून आला, म्हणजे देशाच्या नावावरून. 'डच' आणि जर्मनांचा 'डॉइच' मात्र एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ 'लोकांची'. चर्चची भाषा लॅटिन, लोकांची ती ही. संस्कृतापुढे मराठीला 'प्राकृत' म्हणत, तसंच काहीसं. इंग्रज पूर्वी दोघांनाही डच म्हणत: जर्मन ते 'हाय डच', हॉलंडचे 'लो डच'. पुढे इंग्रजीत हा शब्द फक्त हॉलंडवाल्यांपुरता उरला. पेनसिल्व्हेनियात जुना अर्थ टिकून राहिला.

ते स्वतः आपल्या भाषेला 'डाइच' म्हणतात. त्याचाच अपभ्रंश होऊन 'डच' झालं असं पुष्कळदा वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, कारण इंग्रजीतला तो व्यापक अर्थ या वसाहतीच्या आधीपासूनचा आहे.

खरे वलंदाज अमेरिकेत होते, पण न्यूयॉर्ककडे. १६६४मध्ये इंग्रजांनी घेण्याआधी ते शहर न्यू ॲमस्टरडॅम होतं. 'कुकी' हा शब्द त्यांचा.

प्रश्न: म्हणजे 'पेनसिल्व्हेनियातले जर्मन' लिहू? आणि ही भाषा आता कोणी बोलतं का?

उत्तर: बोलतात तर! आमिश (यांच्यातलाच जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) घरांत मुलं आधी हीच भाषा शिकतात, इंग्रजी नंतर. मला या भाषेचं फार अप्रूप आहे. तिच्यातला एक शब्द तर आपली बास्केटबॉल खेळणारी पोरंही रोज वापरतात: 'डंक'. मूळ अर्थ बुडवणं. आधी कॉफीत डोनट बुडाला, मग जाळीत चेंडू.

मी पहिल्यांदा 'पेनसिल्व्हेनिया डच, म्हणजे तिथले जर्मन वंशाचे लोक' असं लिहीन आणि पुढे 'पेनसिल्व्हेनिया डच' तसंच ठेवीन. नुसतं 'जर्मन' लिहिलं तर कालपरवा बर्लिनहून आलेला माणूसही त्यात बसतो.

कोठारांचा लेख आहे म्हणून आणखी एक. रंगीत ताऱ्यांच्या नक्षीला तिथे 'हेक्स साइन' म्हणतात. 'हेक्स' म्हणजे चेटकीण, पण ती नक्षी निव्वळ शोभेची असल्याचं अनेक जाणकार मानतात. तेव्हा 'चेटकिणीची खूण' असं भाषांतर करू नका, 'कोठारावरचा तारा' चालेल.