विहिरीतल्या पाषाणात पांढरे स्फटिक, गारगोटी आहे का?

प्रश्न : मोहोळजवळ आमच्या विहिरीचं काम चालू आहे. मुरूम संपून काळा पाषाण लागला. त्यातल्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत खडे निघालेत. गारगोटी आहे का?

प्रतिसाद : काचेवर घासून बघा. ओरखडा उठला तर बहुधा गारगोटी. एक ते दहाच्या मोजपट्टीवर तिचा कठीणपणा ७, काचेचा साधारण साडेपाच.

प्रश्नकर्ता : काचेवर काहीच उठलं नाही. उलट खिळ्यानं खड्यावरच रेघ पडली. फोडला तर तुकडे तिरक्या चौकोनी ठोकळ्यांचे, बाजू एकदम सपाट.

दुसरा प्रतिसाद : मग कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, भाऊ. गारगोटी अशी सपाट कधीच फुटत नाही. चुरा करून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. आपल्या सोलापूरचा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे फुगे आत अडकले. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि स्फटिक भिंतीपासून आत वाढत गेले. मोत्यासारखी चमक असलेल्या पेंढ्या दिसल्या तर तो स्टिलबाइट, हे दुसरं खनिज. आता कृपा करून एकही पोकळी फोडू नका! कोणतं खनिज आधी बसलं, ते अख्ख्या पोकळीतच कळतं.

प्रश्नकर्ता : कडेला हिरवट थर आहे, काका.

दुसरा प्रतिसाद : बहुधा सेलाडोनाइट, एक हिरवं खनिज. कडेला आहे म्हणजे तोच आधी बसला. फोटो टाका, उजेडात काढलेला.