केटीत (ह्यूस्टन) कृत्रिम लॉनचा जॉइंट उकललाय, खाली खड्डाही पडलाय. गोंद कुठला आणू?

सायली_केटी

नमस्कार मंडळी. कुत्र्यामुळे खऱ्या गवताचा नुसता चिखल व्हायचा, म्हणून मागच्या अंगणात कृत्रिम लॉन टाकून घेतलं होतं. आता पॅटिओला लागून परातीएवढा खोलगट भाग झालाय. पाऊस थांबून एक दिवस गेला तरी तिथे पाय ठेवला की पचपच करत पाणी वर येतं. शेजारीच पाचेक फूट जॉइंट उकललाय, कडा वर आल्यात, कुत्र्याची नखं अडकतात. वास येतो तो वेगळाच. आणि कहर म्हणजे मधूनमधून लव्हाळा वर येतोय, चक्क प्लास्टिक फोडून!

ज्यांनी बसवलं ते म्हणतात वॉरंटी गवताच्या रंगाची आहे, खालच्या जमिनीची नाही. दुसऱ्या एकाने सगळं उखडून नवीन करायचं कोटेशन दिलं. ते ऐकून नवरा म्हणाला, त्यावर एक चटई टाक आणि विसर. घरच्या घरी चिकटवता येईल असा गोंद सुचवा ना.

गंबोतला_शेतकरी

सायलीताई, गोंदाचं नंतर बघू. जॉइंट उकलला कारण खालची जमीन हलली. तिचं काही न करता चिकटवलंत तर पुढच्या उन्हाळ्यात तिथेच उकलणार.

आम्ही मूळचे यवतमाळचे. शुगरलँडला घर घेतलं तेव्हा बायको म्हणाली, एवढं समुद्र ओलांडून परत काळ्या मातीतच आलो की. खरंच आहे. इथली गंबो माती आपल्या काळ्या मातीच्याच कुळातली. ओली झाली की फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षाला पाऊस 50 इंचांच्या आसपास आणि हवा कायम दमट, त्यामुळे टर्फखाली (म्हणजे कृत्रिम लॉनखाली) अडकलेलं पाणी आपोआप वाळेल ही आशा सोडा.

आधी कोपरा उचलून बघा. उकललेल्या जागेत पात्यांमध्ये भरलेली वाळू ताठ ब्रशने काढून बादलीत ठेवा, परत लागते. कडेचे खिळे उपटा आणि टर्फ मागे गुंडाळा. खाली तीन-चार इंच दाबलेली कच (बारीक खडी) हवी, आणि कच व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं. माझा अंदाज, कापड नसणार. मग चिखल वर येतो, खडी खाली जाते, आणि वर तुमची परात तयार.

मऊ माती कडक थर लागेपर्यंत काढा, कापड अंथरा, वर कच किंवा डीकंपोज्ड ग्रॅनाइट (आपल्या मुरमाच्या जवळचं). दोन-दोन इंचांचे थर, किंचित ओलसर करून धुम्मसाने ठोकायचे. टाच मारली तर खूण उमटता कामा नये. नुसत्या वाळूने खड्डा भरायचा मोह टाळा. लव्हाळा दिसेल तिथे कंदासकट खणून काढा. वरून उपटलात तर गाठ खालीच राहते आणि तो परत हजर. आमच्या कापसात तेच, इथे तेच.

आता तुमचा गोंद. एकच घटक असलेला पॉलियुरेथेन टर्फ गोंद आणि फूटभर रुंद जॉइंट टेप. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो, म्हणजे आपली दमट हवा इथे कामाची. पण टर्फची पाठ ओली असेल तर फेस येऊन बुडबुडे धरतात, म्हणून पाठ कोरडी ठणठणीत हवी. जुना टेप खरवडा, दोन्ही कडांची पाती एकाच दिशेला आहेत ना ते बघा, कडा एकमेकींवर चढू देऊ नका. वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर सोडा. कुत्र्याला आत ठेवा, नाहीतर त्याच्या पायाला गोंद आणि घरभर ठसे.

सायप्रेसचा_सिव्हिल

वरच्यांशी सहमत, पण एक राहिलं. चिकणमातीत खड्डा खणून खडी भरली की पाणी त्यातच साठतं, कारण आजूबाजूची माती ते पिऊ शकत नाही. त्याला बाहेर काढायला वाट हवी. पॅटिओच्या कडेने चर खणा, छिद्रांचा पाइप टाका, दर 8 फुटांना निदान 1 इंच उतार द्या आणि तोंड रस्त्याकडे काढा. शेजाऱ्याकडे नाही, भांडण होईल. दोन घरांमधली उथळ पन्हाळही बुजवू नका. खणण्याआधी 811 ला फोन करा, गॅसची आणि विजेची लाइन ते फुकट आखून देतात.

आणि तपासा: जुने स्प्रिंकलर टर्फखाली तसेच राहिलेत का? पाऊस नसतानाही तिथे ओल असेल तर पाइपच गळत असेल.

परत_गवताकडे

माझं मत विचाराल तर काढून टाका. जुलैत दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. सेंट ऑगस्टिन लावा, सावलीतही तग धरतं.

सायली_केटी

कोपरा उचलला. इंचभर वाळू, खाली थेट काळी माती, कापडाचा पत्ता नाही. स्प्रिंकलरचा तो झोन बंद करूनही ओल आहे, पण पाऊसही चालूच आहे, त्यामुळे कळत नाही.

गंबोतला_शेतकरी

मीटर बघा. घरातले सगळे नळ बंद करून मीटरवरचा छोटा त्रिकोण फिरतोय का ते. फिरत असेल तर आधी प्लंबर, मग धुम्मस. स्प्रिंकलरचा झोन मात्र चालू असतानाच पाणी घेतो, तेव्हा पाऊस उघडला की तोही लावून जागेवर बघा.

वासाबद्दल विसरलो. जुनी वाळू मुताने भरलेली असेल तर ती परत टाकू नका. त्या जागी झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) टाका, ते अमोनिया धरून ठेवतं, तरी अधूनमधून पाइपने धुवावं लागतंच. पण पाणी खाली जायला वाट नसेल तर धुण्यानेही वास वाढतो, म्हणून चर आधी. काम ऑक्टोबरात, कोरडा आठवडा बघून काढा. धुम्मस नसेल तर माझं न्या, पडूनच आहे.

सायली_केटी

त्रिकोण फिरत नाहीये! पाऊस उघडला की स्प्रिंकलर लावून बघते. धुम्मस नक्की नेईन काका, व्यनि करते.