अपडेट स्क्रिप्ट दोन नकोत, एकच ठेवा

प्रोग्रामची नवी आवृत्ती उतरवून बसवणाऱ्या स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या आदेशांच्या फाइली) दोन ठेवाव्यात, नवख्यांसाठी एक आणि जाणकारांसाठी एक, अशी सूचना आली आहे. ती टाळा, दोनपैकी एक हमखास मागे पडते. एकच ठेवा. नुसती चालवली तर काय बदलणार ते दाखवून विचारेल, ‘यस’ फ्लॅग (आदेशापुढे लिहायचा पर्याय) दिला तर न विचारता पुढे जाईल.

गोची होते क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत. तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं, उत्तर वाचणारी रीड कमांड रिकामं उत्तर घेऊन परतते. रिकाम्याचा अर्थ ‘हो’ धरला असेल तर अपडेट परस्पर सुरू! म्हणून इनपुट टर्मिनलवरून (माणूस आदेश टाइप करतो तिथून) येतंय का ते आधी तपासा. येत नसेल आणि फ्लॅगही नसेल, तर एरर कोड देऊन थांबा.

नवी फाइल टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत) नको, मूळ फाइलच्याच डिरेक्टरीत उतरवा आणि चेकसम (फाइल नीट उतरली का ते पडताळायचा आकडा) जुळला की नाव बदला. टेंपची फाइलसिस्टिम वेगळी असेल तर एमव्ही, म्हणजे फाइल हलवणारी कमांड, प्रत्यक्षात कॉपी करते. मध्येच वीज गेली की अर्धवट फाइल उरते.

स्क्रिप्ट स्वतःलाच अपडेट करणार असेल तर सगळा कोड मेन फंक्शनमध्ये घाला, शेवटच्या ओळीत त्याला बोलवा आणि तिथेच एक्झिट करा. बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, एरवी स्क्रिप्टची फाइल थोडीथोडी वाचत जातं. चालू असताना ती जागच्या जागी बदलली तर भलत्याच ओळीच्या मधूनच पुढे चालू लागतं.