मॉडेल गाडीचा रंग किती चकचकीत असावा?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चार छांदिष्टांची चर्चा)

मोजपट्टी:

स्केल मॉडेल गाड्या जोडण्याचा आणि रंगवण्याचा छंद मला गेली बावीस वर्षे आहे, आणि या काळात एक गोष्ट मला उत्तरोत्तर अधिक खटकू लागली आहे. उत्तम काम म्हणून ज्या मॉडेलांची वाखाणणी होते, त्यांतल्या बहुतेकांवर क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, चार-चार, पाच-पाच हात दिलेले असतात आणि नंतर पॉलिश करून ती अशी झळाळवलेली असतात, की ती गाडी कोणत्या काळातली आणि कोणत्या कामासाठी बनवलेली हे त्या रंगावरून ओळखताच येत नाही. मला आग्रहाने मांडायचे आहे ते एवढेच, की चाकाचा व्यास किंवा आरशाची उंची जशी मापात बसवावी लागते, तशी रंगाची जाडी आणि चमकही मापात बसवली पाहिजे.

थोडा हिशोब मांडतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या खऱ्या गाडीवर सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. तेवढाच ०.१ मिलिमीटरचा थर आपण १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या हिश्शाएवढ्या, मॉडेलवर चढवला, तर खऱ्या गाडीच्या मानाने तो २.४ मिलिमीटरचा लेप होतो. दरवाजा आणि बॉडी यांच्यातली खरी फट चार-पाच मिलिमीटरची असते आणि १:२४ मध्ये ती जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते. किटमध्ये, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचात, ती खाच मुळातच थोडी रुंद ठेवलेली असल्यामुळे रंगाने पूर्ण बुजत नाही, पण तिच्या कडा गोलसर होतात, आणि एकदा कडा गोल झाल्या की पत्र्याची वाटायला हवी ती गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते.

काळाचाही विचार करावा लागतो. १९८० चे दशक उजाडेपर्यंत बहुतेक गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसेच; रंगाची जी काही चकाकी असे ती रंगाच्याच अंगची असे. १९८७ सालची फेरारी एफ४० तर वजन वाचवण्यासाठी इतक्या पातळ रंगाने रंगवली जाई, की कार्बन आणि केव्हलार या मजबूत तंतूंच्या पॅनेलांचे विणकाम त्या लाल रंगातून दिसते. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मी एफ४० चे एक मॉडेल पाहिले. जोडणी निर्दोष होती, पण लाल रंगावर काचेसारखा जाड थर होता, आणि या गाडीचे वैशिष्ट्य नेमके त्या थराखाली गाडले गेले होते. बनवणाऱ्याच्या मेहनतीबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही ते पाहून मला मनापासून वाईट वाटले.

झळाळी:

आपण हिशोब जाडीचा मांडलात, पण अंतराचा मांडला नाहीत, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच अडतो. मॉडेल आपण हातात घेऊन साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. १:२४ च्या मापात ते अंतर ७.२ मीटर होते, म्हणजे खऱ्या गाडीकडे सात मीटर दूर उभे राहून पाहण्यासारखे. त्या अंतरावरून रंगाचा पोत दिसत नाही. दिसतात ती केवळ प्रतिबिंबे. छपरावर आकाश, बॉनेटवर झाडांच्या आकृत्या, दारावर जमिनीची गडद पट्टी. मॉडेलवर ही प्रतिबिंबे स्वच्छ उमटायची असतील, तर त्याचा पृष्ठभाग खऱ्या गाडीपेक्षाही गुळगुळीत असावा लागतो, कारण एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनातून, आलेला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा १:२४ ने लहान होऊन येत नाही. मॉडेलवर एक मिलिमीटर रुंदीचा उंचवटा राहिला, तर तो खऱ्या गाडीवरच्या २४ मिलिमीटर रुंद फुगवट्याइतका दिसतो, आणि असा रंग घेऊन कोणतीही गाडी कारखान्याबाहेर पडणार नाही.

एफ४० च्या उदाहरणालाही हाच हिशोब लावून पाहा. ते विणकाम खऱ्या गाडीच्या अगदी जवळ गेल्यावर दिसते, सात मीटरवरून नाही. मग मॉडेलवर ते दिसलेच पाहिजे हा आग्रह मापात कसा बसतो? त्यासाठी विणकामाचे जे डिकॅल, म्हणजे चिकटवायचे पातळ छापील चित्र, लावतात, त्यांची वीण बहुधा मापापेक्षा मोठी असते.

आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. पॉलिश करणे म्हणजे थर चढवणे नव्हे, तर थर उतरवणे होय. क्लिअर कोट पूर्ण वाळल्यावर मी मॉडेल ट्यूबलाइटखाली तिरके धरते आणि छपरात त्या नळीचे प्रतिबिंब पाहते. सुरुवातीला प्रतिबिंबाची कड दातेरी, कापसासारखी भुरभुरीत दिसते. ३००० नंबरच्या घासकागदाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पाण्यात हलक्या हाताने घासले की प्रतिबिंब पूर्ण नाहीसे होऊन सगळे छप्पर दुधी पडते, आणि नवख्या माणसाला वाटते की आता काम बिघडले. मग ४०००, ६०००, ८००० आणि १२००० असे एकेक पॅड पुढे सरकत गेले की त्या दुधी धुक्यातून नळी हळूहळू परत येते, आणि या वेळी तिची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. माझ्यासाठी या छंदातला सर्वांत मोठा आनंद तो आहे, आणि त्याला मापाशी केलेली तडजोड म्हणणे मला मान्य नाही.

सफाईदार रंगकाम ही या कलेची जुनी परंपराही आहे. अमेरिकेत १९३० ते १९६८ या काळात जनरल मोटर्सच्या पाठबळाने ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ची स्पर्धा होत असे. आरंभी मुले नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करत आणि पुढे स्वतःच्या कल्पनेतली गाडी १:१२ च्या मापात घडवत. शिष्यवृत्ती मिळवायची तर कल्पनेबरोबर हाताची सफाईही दाखवावी लागे.

पातळ हात:

दोघांचे म्हणणे वाचले. मला वाटते, दोष क्लिअर कोटला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा त्याच्या खाली दडलेला असतो. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, जाड बसला, त्यावरचा एक ओघळ लपवण्यासाठी रंगाचा आणखी एक हात दिला, डिकॅलची कड दिसू नये म्हणून वर क्लिअर ओतला, असे होत होत जाडी वाढत जाते. सुरुवातीपासून प्रत्येक हात पातळ ठेवला, तर पॉलिश करण्यापुरता क्लिअर कोट देऊनही खाचा शाबूत राहतात.

माझी पद्धत अशी आहे. प्रायमर देण्याआधी बॉडीवरच्या सगळ्या खाचा कोरणीने थोड्या खोल करून घ्याव्यात, रुंद नव्हे. साच्याची रेघ, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकवर उठलेली बारीक धार, घासून काढावी; ती बहुधा पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या माथ्यावरून गेलेली असते आणि चकचकीत रंगाखाली हमखास उठून दिसते. लॅकर, म्हणजे तीव्र थिनरचा झटपट वाळणारा रंग, थिनरने दुधाइतका पातळ करून १५ ते २० पीएसआय हवेच्या दाबाने मारावा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहावा. हे करताना मन आवरणे फार कठीण जाते.

घाई मला एकदा महागात पडली आहे. सावकाश वाळणाऱ्या एनॅमलचा गडद निळा रंग हाताला कोरडा लागला म्हणून मी चौथ्या दिवशी त्यावर लॅकरचा क्लिअर कोट मारला. पाहता पाहता बॉनेटवरचा रंग आकसला आणि पाण्यात भिजलेल्या बोटाच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडल्या, कारण लॅकरमधला तीव्र थिनर अर्धवट वाळलेल्या एनॅमलमध्ये शिरून त्याला फुगवतो. तेव्हापासून बॉडी नाकाजवळ धरल्यावर रंगाचा जराही वास येतो तोवर मी तिला पुढचा हात देत नाही. चकचकीत एनॅमलसाठी याला कित्येक आठवडे लागू शकतात.

मोजपट्टी यांनी एक मुद्दा मांडायला हवा होता, तो त्यांच्या बाजूने मीच मांडतो. मेटॅलिक रंगातले चमचमणारे ॲल्युमिनियमचे कण समजा २० मायक्रॉनचे असतील, तर १:२४ मध्ये ते अर्ध्या मिलिमीटरच्या टिकल्यांसारखे ठरतात. खऱ्या गाडीचा टच-अप रंग मॉडेलवर मारला की ते चकाकीच्या कागदात गुंडाळल्यासारखे दिसते, ते यामुळेच. क्लिअर कोटपेक्षा ही चूक मला कितीतरी जास्त खुपते.

धुळीची गाडी:

आतापर्यंतची सगळी चर्चा कोऱ्या करकरीत गाडीला धरून चालली आहे, आणि हे गृहीतक मला पटत नाही. चोवीस तास अखंड धावून आलेली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीची गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढच्या भागावर चिरडलेल्या किड्यांचे डाग, चाकांमागे ब्रेकची काळी भुकटी आणि रबराचे शिंतोडे, दिव्यांभोवती तेलकट मळ. त्या गाडीची ओळख त्या मळातच असते. लॅकरच्या थरावर पातळ केलेल्या एनॅमलचा मळकट हात देऊन तो हवा तिथून पुसून घेता येतो, कारण एनॅमलचा थिनर खालच्या वाळलेल्या लॅकरला सहसा बाधत नाही. मोजपट्टी यांना काळ आणि काम दिसायला हवे असेल, तर पातळ रंगाच्याही पुढे जाऊन वापराच्या खुणांपर्यंत त्यांना यावे लागेल.

झळाळी:

शर्यतीच्या गाडीपुरते ते मान्य आहे. मात्र प्रत्येक मॉडेलला एकच कसोटी लावणे या छंदाच्या इतिहासालाही धरून नाही. १९५८ पासून एएमटी या अमेरिकन कंपनीने १:२५ ची जी ‘थ्री-इन-वन’ किटे काढली, त्यांत एकाच डब्यातून गाडी जशी विक्रीला येई तशी, सजवलेली किंवा शर्यतीची, अशा तीन तऱ्हा करता येत. यांतली सजवलेली गाडी घ्या. त्या काळातल्या खऱ्या शो-गाड्यांवर चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंगाचे अनेक हात देऊन तासन्‌तास पॉलिश करत. तिथे जाड, खोल चकाकी हेच मूळ गाडीचे सत्य आहे, आणि तिच्या मॉडेलवर पातळ, मंद रंग दिला तर मापाची चूक मोजपट्टी यांच्याकडून होईल.

मोजपट्टी:

अंतराचा मुद्दा मी आजवर या पद्धतीने तपासला नव्हता, हे मोकळेपणाने कबूल करतो. काल रात्री पट्टी घेऊन बसलो, माझ्याकडची तीन मॉडेले ३० सेंटिमीटरवर ठेवली आणि प्रत्येकाच्या छपरातले दिव्याचे प्रतिबिंब पाहिले. ज्यावर मी मुद्दाम क्लिअर कोट दिला नव्हता, त्या सेदानच्या छपरात ते प्रतिबिंब फाटल्यासारखे दिसत होते, आणि झळाळी म्हणतात तसा तो रंग खऱ्या गाडीचा वाटत नव्हता. विणकामाबद्दलचे त्यांचे म्हणणेही मला मान्य करावे लागते. शो-गाड्यांबाबत तर माझी काही तक्रारच उरत नाही.

पण कडांच्या बाबतीत मी माझे मत बदललेले नाही. सात मीटरवरून विणकाम दिसत नसले तरी दरवाजाची फट दिसते, बॉनेटची धार दिसते, एफ४० च्या मागच्या पंखाचा काठ किती पातळ आहे तेही दिसते. पृष्ठभागाची चमक आणि कडेची धार या दोन गोष्टी मी एकत्र धरत होतो, त्या वेगळ्या करायला हव्यात. धुळीची गाडी यांना एवढेच म्हणेन, की मळ दाखवायलाही खालची कड धारदार असावी लागते, नाहीतर मळाचा हात खाचेत न थांबता सगळीकडे पसरतो.

माझ्यासमोर आत्ता एफ४० ची बॉडी प्रायमरपर्यंत येऊन थांबली आहे. लाल रंगाचे दोन विरळ हात द्यायचे, क्लिअर कोट फक्त छप्पर, बॉनेट आणि दरवाजांच्या मधल्या सपाट भागावर द्यायचा आणि पंखाच्या काठावर तो अजिबात जाऊ द्यायचा नाही, असे ठरवले आहे. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर करून पाहीन. झळाळी, इतक्या पातळ थरावर आपण ३००० पासूनच घासायला सुरुवात कराल का?

झळाळी:

नाही, इतक्या पातळ थरावर मी ६००० च्या खाली जाणार नाही. ज्या कडा उघड्या राहतील त्यांवर मास्किंग टेपची अरुंद पट्टी लावून मगच घासा, कारण रंग सर्वांत आधी कडेवरच उडतो आणि खालचा प्रायमर उघडा पडतो. क्लिअर कोट अर्ध्यावर थांबवला की त्याची सीमारेषा दिसण्याची भीती असते, म्हणून तिथे एअरब्रश थोडा दूर धरून थर विरत न्या. चमच्यांवर काय होते ते अवश्य कळवा. सीमारेषा न दिसता हे जमले, तर माझ्या पुढच्या गाडीवर मीही हेच करीन.